शेपटीवाल्या बिमाऱ्या

मोहाचं फूल कोनी तोडत नाई. ते आपल्या मनानं पडते, आवाज न करता. पहाटे टोपली घेऊन जा, त झाडाखाली जमीन दिसत नाई. काल एकबी नव्हतं, म्हनता तुमी, अन आज पाय ठेवाले जागा नाई! किस्स्याचं तसंच हाय बाप्पा. मी काई जमा केले नाई. मी त झाडू मारत होती.

मी पंचफुला. शाळा चवथीपर्यंत. आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात गंज वर्स झाडलं, पुसलं, पेशंटाचे नंबर पुकारले. आता सुटली. आता रोवन्याच्या दिवसात बायांच्या टोळीसंग धानाच्या वावरात, बांधीत, अन बाकीचे दिवस बुद्धविहाराच्या ओट्यावर. दवाखान्यात मले एक खोडी लागली, ते खोडी मी टोळीत आनली, अन तिच्यापायी माझ्या जिवाच्या मैतरनीची, सौंदडवालीची, टोळीतली जागा जाऊन राहिली होती. पन ते लगेच सांगतलं त तुमी उठून जासान. पयले हसून घ्या.

*

ही खोडी म्हंजे एक शेपटी हाय. कशी भेटली ते ऐका.

झाडू मारता मारता कान मोकळेच राहते. डॉक्टरीणबाई आत पेशंटले सांगे, टॉन्सिलायटिस. दुसऱ्याले, गॅस्ट्रायटिस. तिसऱ्याले, ब्रॉन्कायटिस. मी मनात म्हनलं, डोस्के निराळे, शेपटी बंद्याले एकच! जशी वांदराची टोळी झाडावर बसली. तोंडं पानात लपली, शेपट्या खाली लोंबून राहिल्या.

अन एक पायलं. मानूस आत जाये तवा वाकून जाये, "पोटात जळजळ होते" म्हनत. बाहेर निघे त छाती काढून! "मले गॅस्ट्रायटिस हाय!" जळजळ तेवढीच, पन आता तिले नाव होतं. आमच्या गावात बिननावाच्या बिमारीले कोनी बिमारी म्हनत नाई. नाटक म्हनते.

आमचा कंपाउंडर तिवारी. गोंदियाचा, हिंदी बोलनारा, लय सज्जन. पन डबा खाल्ला का गोळ्यांच्या खोक्यावर डोस्कं टेकवून असा झोपे, जसा पान्यात दगड बुडाला. एक दिवस मी त्याच्या कानाजवळ जाऊन गंभीर आवाज काढला. "तिवारीजी, तुमाले झोपायटिस झाला."

ताडकन उठला! "अम्मा, सीरियस है क्या?"

"दुपारचाच होते म्हने. पसरनारा हाय."

"फैलता है? और किसको हुआ?"

मी बाजूच्या खोक्यावर डोस्कं टेकवलं. "मले," म्हनलं, अन डोळे मिटले.

तीन वाजता डॉक्टरीणबाई आली, त दोन पेशंट घोरून राहिले होते.

*

आमच्या घरामांगं गयाबाई राह्यते. तिची सून दवनीवाड्याची, म्हनून गाव तिले दवनीवाडावाली म्हनते. पहाटे पानी, मंग सडा, मंग चूल, गुरं, बांधी, अन पुन्हा चूल. एक दिवस कमरेवर हात ठेवून दवाखान्यात आली. "पंचफुलामाय, कंबर तुटून राहिली. सासू म्हनते, नाटक करते."

डॉक्टरीणबाईनं गोळ्या देल्या अन म्हनलं, "आराम करा." आता आराम हे गोळी आमच्या गावात भेटते का?

सांजच्यानं मी गयाबाईकडे गेली. चहा घेतला. तीनदा उसासा टाकला.

"का झालं वो पंचफुला?"

"काई नाई माय. तुमच्या सुनेले कंबरायटिस निघाला."

गयाबाईची बशी हातातच राह्यली. "कंबरायटिस! काऊन होते वो थे?"

"काऊन त मले का मालूम? पन चांगल्या घरच्या सुनांलेच होते म्हने."

गयाबाई ताठ बसली. "मंग औषध?"

"आठ दिवस वाकाचं नाई. बाजेवर झोपाचं. दूध, अंडं."

आठ दिवस दवनीवाडावाली आंगनात बाजेवर पडून आभाळ पाहे. सासू अंडं सोलून देये! पाचव्या दिवशी मी गेली, त ते पोट्टी हळूच म्हनते, "माय, आभाळ एवढं मोठं हाय हे मले मालूमच नव्हतं. ढग किती हळू जाते वो. त्याईले कोनी आवाज नाई देत."

मी तिच्या बाजूले बसली. दोघीनं मिळून ढग पायले.

नवव्या दिवशी गयाबाई दवाखान्यात हजर. कमरेवर हात! "पंचफुला, चांगल्या घरच्या सासवांलेबी होते का वो थे?"

*

मंग गावात पसरलीच हे शेपटी. जो तो आपल्या मनानं लावे. पोट्टे म्हनत, परीक्षायटिस. बुढे म्हनत, बिडीआयटिस.

एक आमचे सरपंच. त्याईच्या खिशात सदा कैची. हातपंप बसला, काटली रिबीन. त्याच हातपंपाचं वायसर बदललं, पुन्हा काटली रिबीन! मी पानी भरता भरता म्हनलं, "सरपंचभाऊ, तुमाले उद्घाटनायटिस झाला."

मानूस रागावला नाई. इचारात पडला. "बाई, गावात आनखी कोनाले हाय का हे?"

"नाई. तुमालेच."

"मंग दवाखान्यात याचा येगळा वार्ड काढू," म्हने. "रिबीन मी आनतो."

*

गोष्ट डॉक्टरीणबाईच्या कानावर गेलीच. हे बाई पश्चिमेकडची, पोट्टीच, कालेजातून निघून सरळ आमच्या जंगलात आली. मले "मावशी" म्हने. हिवाळ्याची दुपार, बिजलीची लाइन गेलेली, पेशंट नाई. मले दवाखान्याच्या ओट्यावर बोलावलं.

"मावशी, गावात कंबरायटिस कोणी आणला?"

मी झाडू मांगं लपवला. "ज्यानं टॉन्सिलायटिस आनला, त्यानंच आनला असन."

तिनं लय दाबलं, पन हसू निघालंच. मंग म्हने, "बसा. तुमची शेपटी कुठून आली ते सांगते."

आमच्या ओट्यावरून दूर नवेगावबांधच्या तलावाचं पानी दिसते, उन्हात पितळेच्या परातीवानी. त्या दिवशी पाखरं उतरून राहिली होती, हिवाळ्यात येनारी, परदेशातली. बाई त्याईच्याकडे पाहून बोले, अन मले वाटे का हे बंदं थेच पाखरं सांगून राहिले.

ही शेपटी ग्रीस नावाच्या देशातली, म्हने. हजारो वर्स जुनी. तिकडच्या बोलीत सांध्याले एक शब्द होता, त्याले हे शेपटी लावली. "सुरुवातीला तिचा अर्थ सूज नव्हता, मावशी. फक्त 'त्याची', 'त्याच्याकडची' एवढाच. पुढे बिमारी असा शब्द असायचा. सांध्याची बिमारी. आणि त्यांच्याकडेही बिमारी बाईमाणूस, म्हणून शेपटीही बाईचीच. लोक रोज बोलून बोलून बिमारी हा शब्द विसरले. नुसती शेपटी राहिली."

मी म्हनलं, "म्हंजे सांधेवाली!"

बाई माझ्याकडे पाहतच राह्यली. "हो. अगदी तेच. सांधेवाली."

"मंग यात ग्रीसचं का हाय? आमच्याकडे बाई सासरी आली का तिचं नाव गळून पडते. सौंदडवाली. दवनीवाडावाली. मानूस गळते, वाली राह्यते!"

पाखरं उतरतच होती.

जरा वेळानं मी इचारलं, "मंग ते सूज कुठून आली?"

"नंतर. या शेपटीच्या बऱ्याच बिमाऱ्यांमध्ये सूज असायची. मग डॉक्टर लोकांनी शेपटीलाच सूज असा अर्थ दिला. तिकडचे लोकही आता गमतीनं कशालाही लावतात, तुमच्यासारखेच."

"एवढ्या लोकाईनं हजार वर्स धरून ओढली," म्हनलं, "सुजन नाई त का होईन!"

त्या सांजच्यानं मी लय वेळ ओट्यावरच बसून होती. मले एक बुढी दिसे, समुद्राच्या काठावरची. कोनतं लुगडं नेसते का मालूम नाई. टोंगळ्याले तेल चोळून राहिली, अन म्हनून राहिली, "आली वो माय पुन्हा, सांधेवाली." जशी शेजारची बाई दारात आली, तशी. तिचेबी टोंगळे दुखले असन. कोनीतरी म्हनलं असन, नाटक करते.

*

त्याच हिवाळ्यातलं हाय. रोज दुपारच्या बसच्या वक्ताले डॉक्टरीणबाई खिडकीत उभी राहे. कोनी येनारं नाई, जानारं नाई. बस जाये, धूळ बसे, बाई खुर्चीवर येये. मी एक दिवस पेशंटाच्या कागदावर माझ्या चवथीच्या अक्षरात लिहिलं अन टेबलावर ठेवलं. नाव, डॉक्टरीणबाई. बिमारी, आईआयटिस.

तिनं वाचलं. हसली. मंग चष्मा काढून पुसत राह्यली, लय वेळ पुसला. चष्मा साफच होता.

"मावशी, याला औषध?"

"तीनची बस."

चार दिवसानं परत आली, त संग एक उंच, पांढऱ्या केसाची बाई. ते सरळ माझ्यासमोर. "त्या चिठ्ठीवाल्या मावशी तुम्हीच का?"

मी म्हनलं, आता पडते शिव्या! "हाव. मीच."

"मला आठ महिन्यांपासून आहे तो," म्हने. "मला कोणी चिठ्ठी दिली नाही!"

*

आता सौंदडवाली.

आमी दोघी एकाच वर्सी या गावात नवऱ्या होऊन आलो. टोळीत आमी चौदा बाया, अन गानं तिचं. आमच्याकडे रोवना गान्यावर चालते. चौदा बाया एका रांगेत वाकून परहे, म्हंजे धानाची रोपं, लावते अन एक एक पाय मांगं सरकते. ती एक ओळ सोडे, आमी उचलत जाओ. ओळ संपली का पाय मांगं. कोन्या दोरीची गरज नाई.

आभाळ उतरलं बांधीच्या पान्यात
कोन्या बाईनं घेतलं पदरात

असं ते म्हने, अन खरंच वाकून पायलं त बांधीत आभाळच राहे. आमी आभाळातच परहे लावत असो.

दोन वर्सापासून तिचे टोंगळे सुजून राहिले होते. मले दिसे. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर चढतानी ते हसे, जोरानं हसे, कारन हसन्यात कनन्याचा आवाज लपते. मी यंदा तिले जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं दाबून पायलं, फोटो काढाले लावला, अन सांगतलं, "गुडघ्यांचा आर्थरायटिस आहे. वाकायचं नाही. या वर्षी रोवणी नाही."

सौंदडवालीनं माझ्याकडे पायलं. मंग बाईकडे. अन अशी हसली का खिडकीतली चिमनी उडाली!

"का वो पंचफुला! डॉक्टरीणबाईलेबी सामील केलं का तू?"

"अवो, हे खरं हाय!"

"हाव हाव. कंबरायटिसबी खराच होता!"

टोळीत येऊन तिनं बंद्यांले सांगतलं. बंद्या हसल्या. "पंचफुलानं सौंदडवालीले आयटिस देला!" मी विहाराकडे हात करून शप्पथ घेतली. त्या आनखी हसल्या. मी जेवढी रडकुंडीले येओ, तेवढं त्याईले वाटे का बुढी का मस्त नाटक करते! उभी जिंदगी मी खोटं बोलली त लोकाईनं खरं मानलं. एक दिवस खरं बोलली, त कोनी मानाले तयार नाई.

रोवन्याच्या चवथ्या दिवशी गानं मधातच तुटलं. मान वळवून पायलं, त सौंदडवाली चिखलात बसलेली. पडली नाई. बसली. हातात परह्याची पेंढी तशीच. "उठता येऊन नाई राहिलं वो," म्हने, जशी दुसऱ्या कोनाची गोष्ट सांगते.

तिले बाजेवर टाकून घरी नेलं. रस्त्यानं कोनीच हसलं नाई. मी तिच्या उशाशी चालत होती. ते डोळे मिटून मले म्हने, "खरंच होतं का वो थे?"

"हाव."

"मंग मले टोळीतून काढसान."

*

तिले भेव दुखन्याचं नव्हतंच. घरी बसली का बाई संपली, हे तिले मालूम होतं. लेक नागपुरात, नवरा नाई. तिचं मानूस म्हंजे टोळी.

ज्याच्या बांधीत आमचं काम चालू होतं, तो देवाजीभाऊ. मानूस वाईट नाई, पन बोलनं कुऱ्हाडीचं. मी म्हनलं, "मालक, ते वाकनार नाई, पन धुऱ्यावर बसून गाईन. चौदावी थेच राहू द्या."

"काऊन? मले धान पायजे का भजन? जे वाकत नाई ते टोळीत नाई. दुसरी आना."

दुसरी आनली. कोवळी पोट्टी, हात मशीनीवानी. अन आमी वाकलो.

पयल्या घंट्यात काईच कळलं नाई. नुसतं पान्याचं डबडब. मंग पायलं त दवनीवाडावाली चार हात मांगं, मी दोन हात पुढं, अन गयाबाई कुठंतरी वाकडीच जाऊन राहिली. कोनाचा पाय कवा उचलाचा तेच समजे ना! एकीनं मोबाईलवर गानं लावलं. ते एवढं जोरानं धावे का मी अन गयाबाई एकमेकीवर पडलो. देवाजीभाऊ धुऱ्यावरून बोंबलला, "बाया हो, रोवना करून राहिल्या का सापाची वाट काढून राहिल्या?"

मी मुद्दाम नाई केलं. थोडंसं केलं.

दुसऱ्या दिवशीबी तसंच. परहे धुऱ्यावर पिवळे पडाले लागले, अर्धी बांधी उघडी. सांजच्यानं देवाजीभाऊ कोनाले न सांगता सौंदडवालीच्या घराकडे जातानी दिसला. तिथं का बोलनं झालं ते त्या दोघांनं आजवर कोनाले सांगतलं नाई. मी लय इचारलं. सौंदडवाली नुसती हसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बांधीवर धुकं होतं. आमी तेराजनी पान्यात उतरून उभ्या, ते कोवळी पोट्टी आलीच नाई. अन धुक्यातून धुऱ्यावर एक खुर्ची येतानी दिसली. पाय वर, पाठ खाली, हवेत तरंगत! जवळ आली तवा खाली देवाजीभाऊ दिसला. घरातली हातवाली सागाची खुर्ची डोस्क्यावर. मांगं काठी टेकत सौंदडवाली, धुतलेलं लुगडं नेसून.

त्यानं खुर्ची ठेवली. धुरा वला, खुर्चीचे मांगचे पाय चिखलात गेले, अन खुर्ची उलटाले लागली. सरळ केली, पुन्हा उलटाले लागली. तवा तो खुर्चीच्या मांगं गेला अन दोन्ही हातानं पाठ धरून उभा राह्यला.

सौंदडवाली बसली. लुगडं टोंगळ्यावरून सारखं केलं. आमच्याकडे पायलं, एकेकीकडे, जशी मोजून राहिली. अन गानं सोडलं.

तेरा पाय एकदम मांगं सरकले बाप्पा! मी खाली पायलं, त पान्यात धुकं चालून राहिलं होतं, अन धुक्यात ते खुर्ची, अन आमचे हात. कवा ऊन आलं, कवा एक बांधी सरली अन दुसरी लागली, कोनालेच मालूम नाई. ती थांबे ना. देवाजीभाऊनंबी खुर्चीची पाठ सोडली नाई.

दुपारपारी बाजूच्या बांधीचा मालक धुऱ्याधुऱ्यानं आला. पाहतो त काय! बाई खुर्चीवर, अन मालक मांगं उभा, डोळे मिटून, मान हालवत.

"का गा देवाजी," तो म्हने, "हे का करून राहिला तू?"

देवाजीभाऊनं डोळे नाई उघडले.

"गप बस," म्हने. "ओळ चुकते."